दे बीम

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझी मुलगी बिस्कीट मागत नव्हती.

आमच्या घरातल्या माणसांना एवढं एक वाक्य पुरेल. बाकीच्यांना सगळं सुरुवातीपासून सांगावं लागेल.

मुलगी आता वीस वर्षांची आहे, कर्जतला फार्मसीला जाते. ही गोष्ट ती तीन वर्षांची असतानाची. तेव्हा आम्ही खालापुरात एका पिवळ्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. मी कुंभिवलीला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो, अजूनही तिथंच आहे. बायको नर्स. ती सकाळी सातला घर सोडायची आणि संध्याकाळी सहाला परत यायची.

मुलगी उशिरा बोलायला लागली आणि लागली ती बोबडीच. तिच्या तोंडात क नव्हता, त्याच्या जागी त यायचा. ग आणि ज, दोन्हींच्या जागी द. काकी म्हणजे ताती, आजी म्हणजे आदी, जेवण म्हणजे देवन. खालापूरचं थालापूल झालं होतं आणि टोलनाक्याचं तोलनाता. बिस्किटाला ती बितीत म्हणायची. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागेल.

गाडीचं तिनं दादी केलं होतं. आमच्या खाली एक मुसलमान कुटुंब राहायचं, मूळचं म्हसळ्याकडचं, पुढच्या बाजूला त्यांचं टेलरिंगचं दुकान. त्यांच्या घरातल्या म्हातारीला सगळे दादीच म्हणायचे. घर रस्त्याला लागून, दिवसभर टेंपो आणि एसट्या जायच्या. मुलगी गॅलरीच्या गजांना धरून प्रत्येक गाडीला ओरडायची, "दादी आली! दादी आली!" आणि खालून म्हातारी प्रत्येक वेळी उत्तर द्यायची, "हो गं बाय, आली, काय पायजे?" पहिले दोन दिवस ती खरंच जिना चढून वर आली. तिसऱ्या दिवशी एक मोठा ट्रेलर गेला. मुलगी किंचाळली, "बापले! तेवधी मोथी दादी!" म्हातारी दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "बगा, आता पोरं पन जाडी म्हनाय लागली मला." त्या दिवशी तिला कोडं उलगडलं. पण उत्तर द्यायचं तिनं सोडलं नाही.

या गोष्टी मी कितीही वेळा सांगू शकतो. सांगतोही. पाहुणे आले की हमखास सांगतो. या गोष्टींपाठोपाठ जी येते ती मात्र बायको सांगते आणि मी पाणी प्यायला उठतो.

मुलीचा पहिला स्पष्ट शब्द आई नव्हता, पप्पाही नव्हता. आमचं गाव पोशीर. वडील तिथं भातशेती करायचे, समाजमंदिराची चावी त्यांच्याकडे असायची. नात मांडीवर बसायला लागल्यापासून ते ओटीवर बसून तिला एकच धडा द्यायचे. कुणी समोरून गेलं की तिचा उजवा हात धरून वर करायचे आणि म्हणायचे, "म्हन गं बाय, जय भीम." ती म्हणायची, "दे बीम." हात तिला कपाळापर्यंत न्यायला जमायचं नाही, तो पुढं यायचा, पंजा उघडा, वर वळलेला. ती सगळ्यांना म्हणायची. दूधवाल्याला, कुत्र्याला, एसटीला, भाताच्या भाऱ्याला. वडील येईल त्याला सांगायचे, "आमच्या बायचा पयला शबूद हाय हा. कुनी इचारलं तर लिवून ठेवा." आणि माणसं थांबून, तिच्याकडे वाकून, पूर्ण आवाजात उत्तर द्यायची, "जय भीम, ताई!" तीन वर्षांच्या पोरीला ताई म्हणायची. ती ऐटीत मान हलवायची.

आता खोलीचं.

खालापुरात ही आमची तिसरी बघितलेली खोली. पहिल्या ठिकाणी घरमालकानं विचारलं, "पोशीरला कुठल्या आळीत?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, खोली भाच्याला द्यायचं ठरलंय म्हणून. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, "तुमच्याकडं गणपती दीड दिवसाचा का पाच दिवसांचा?" मी म्हटलं, आमच्याकडे नसतो. तिथं फोनही आला नाही. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही, म्हणून लोक असं आडून विचारतात. तिसऱ्या ठिकाणी, या पिवळ्या घरात, मालकीणबाईंनी आळी विचारली तेव्हा मी म्हणालो, "शाळेच्या मागं." हे खोटं नव्हतं. आमचं घर शाळेच्या मागंच आहे. शाळेच्या मागं बरंच गाव आहे.

सामान लावताना बायकोनं फोटो कुठं लावायचा विचारलं. पोशीरला आणि आमच्या आधीच्या खोलीतही तो दारासमोरच्या भिंतीवर असायचा, आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा. मी म्हणालो, "मालकीणबाई खिळा मारू देत नाहीत." त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं. फोटो कपाटात साड्यांच्या वरच्या कप्प्यात राहिला, काच पुढं करून. कपाट उघडलं की दिसायचा. बायको सांगत फिरणारी नव्हती आणि लपवणारीही नव्हती. "कुणी विचारलं तर सांगेन की," असं ती म्हणायची. तिला कुणी विचारलं नाही. बायकांना विचारत नाहीत, नवऱ्याला विचारून झालेलं असतं.

राहायला जाऊन चार-पाच दिवस झाले असतील. बायको कामावर, माझी दुसरी पाळी, म्हणून मी घरी. मालकीणबाई पाण्याची वेळ सांगायला वर आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बोलक्या, कमरेला चाव्यांचा जुडगा, राहायला खालीच, मागच्या भागात. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. मुलगी आतून पळत आली, त्यांच्यासमोर उभी राहिली, हात पुढं केला आणि म्हणाली, "दे बीम!"

काकी हसल्या. "काय म्हनते रं ही?"

मी म्हणालो, "बिस्कीट मागतेय, काकी. बिस्किटाला बीम म्हणते."

मध्ये एक क्षणही गेला नाही. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. इतक्या पटकन उत्तर येतं म्हणजे ते आधीपासून तयार असणार. आळी विचारली तेव्हापासून तयार असेल. पहिल्या घरमालकाच्या फोनपासूनही असेल.

"अगं माझी बाय ती!" काकी म्हणाल्या. "दे बीम! थांब, देते हां बीम." खाली गेल्या आणि ग्लुकोजची दोन बिस्किटं घेऊन आल्या. मुलीनं आधी बिस्किटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला उत्तर हवं होतं, तेच पूर्ण आवाजातलं. ते आलं नाही. बिस्किटं आली. तिनं ती खाल्ली.

तीन वर्षांचं मूल हुशार असतं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा म्हणून बघितलं, पुन्हा बिस्कीट मिळालं. आठवड्याभरात बितीत हा शब्द तिच्या तोंडातून गेला. बिस्कीट म्हणजे बीम. सकाळी उठून गॅलरीत जायची आणि खाली हात करून ओरडायची, "ताती, दे बीम!"

काकींनी तिच्यासाठी वेगळा डबा केला. त्यांचा नातू तिच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा, तोही बीम म्हणू लागला. नाक्यावरच्या वाण्याकडे जाऊन त्यानं "पाच रुपयांचं बीम द्या" म्हटलं. वाण्यानं भिंग मागतोय का म्हणून विचारलं आणि त्याला जत्रेतलं उरलेलं प्लॅस्टिकचं भिंग दाखवलं. मग पोरगं रडलं, मग उलगडा झाला, आणि पुढं वाणीच विचारायला लागला, "गोड बीम देऊ का खारं बीम?" महिनाभरात त्या घरात मोठी माणसंही चहाबरोबर बीम खायला लागली. काकींचे मालक, एरवी तोंड न उघडणारे, एकदा मला म्हणाले, "घ्या की एक बीम." मी घेतलं.

काकी वाईट नव्हत्या. हे लिहिलं पाहिजे, कारण आमच्या घरात ही गोष्ट सांगताना त्यांनाच हसतात. बायको कामावर आणि माझी सकाळची पाळी असली की त्या मुलीला दिवसभर सांभाळायच्या. भरवायच्या, न्हाऊ घालायच्या, तिच्या केसांत उवा झाल्या तेव्हा दोन तास उन्हात घेऊन बसल्या. कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित "बरं मग?" म्हणाल्या असत्या. कदाचित भाचा आठवला असता. मी त्यांना ठरवायची वेळच येऊ दिली नाही. आधीच ठरवून टाकलं की त्या पहिल्या घरमालकासारख्याच असणार. सतरा वर्षं तेच धरून बसलो आहे.

एका संध्याकाळी बायको हसत हसत वर आली. पर्स खाली टाकून भिंतीला टेकली.

"अहो, गंमत ऐका. काकींना वाटतं ही बिस्कीट मागते! जय भीम म्हणते ही, आणि त्या डबा घेऊन येतात!"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? त्या इतक्या प्रेमानं सांगत होत्या. मला हसूच आवरेना. काकींना कमी ऐकू येतं वाटतं." मग डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही सांगा त्यांना एकदा. तुमची ओळख जास्त आहे."

मी म्हणालो, "सांगतो."

त्या दिवसापासून आमच्या घरातली गोष्ट अशी झाली: मालकीणबाईंच्या ऐकण्यात चूक झाली. बायकोनं ती तिच्या बहिणीला सांगितली, बहिणीनं तिच्या सासरी, मी कुठंही काही दुरुस्त केलं नाही. काकींचे कान ठणठणीत होते. त्यांनी विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं.

हे फक्त एका माणसाच्या लक्षात आलं. मी जिना उतरत होतो आणि मुलगी खाली दुकानाच्या पायरीवर बसली होती. दादी कपड्याला टीप घालत होती. मुलगी म्हणाली, "दादी, दे बीम." म्हातारीनं सुई तोंडात धरली, उजवा हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "जय भीम, बेटा."

मी जिन्यातच थांबलो. मुलीचा पुढं केलेला हात हळूच मागं गेला, आणि ती हसली. तसं हसू तिच्या चेहऱ्यावर मी पोशीरनंतर बघितलं नव्हतं.

दादीनं मला बघितलं. आवाज खाली आणून म्हणाली, "पोरगी साफ बोलतेय रं. आमच्या म्हसळ्याच्या मोहल्ल्याशेजारीच तुमचा वाडा व्हता, मी काय ऐकलं नाय व्हय? तूच बोबडी केलीस तिला."

मी म्हणालो, "दादी, काकींना काही बोलू नका."

"मी कशाला बोलू? माझ्या दारावर माझं नाव लिवलंय. मला कोन इचारत बी नाय."

बस. पुन्हा तिनं हा विषय काढला नाही. मुलीला मात्र उत्तर देत राहिली. मी मुलीला दुकानात कमी पाठवायला लागलो. हेही लिहून टाकतो.

वडिलांना मी खालापूरला बोलावत नव्हतो. खोली लहान आहे, पाण्याचे वांधे आहेत, तुम्हाला जिना चढवत नाही, अशी काहीबाही कारणं सांगायचो. आम्हीच महिन्यातून एकदा पोशीरला जायचो. दिवाळीनंतर भात झोडून झालं आणि एका रविवारी ते न कळवता आले. दोन गाड्या बदलून, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी.

मी नळावरून बादली घेऊन जिना चढत होतो. काकी अंगणात बिरड्यासाठी वाल सोलत बसल्या होत्या, शेजारी मुलगी, सालांशी खेळत. बायको वर स्वयंपाकात. फाटक वाजलं. मुलीनं मान वर केली आणि सगळं टाकून पळाली.

"आबा! आबा! दे बीम!"

वडिलांनी पिशवी खाली ठेवली. पाठ सरळ केली. धोतराला हात पुसला आणि तोच हात वर नेत तोंड उघडलं.

"आलं आलं, बीम आलं," काकी म्हणाल्या. डबा शेजारीच होता. झाकण उघडल्याचा आवाज झाला, आणि मुलगी वडिलांसमोरून वळली. पुढं केलेला तिचा हात तसाच काकींकडे गेला.

वडिलांचा हात अर्ध्यात राहिला.

"बसा आजोबा, या," काकी म्हणाल्या. "तुमच्या नातीला ह्या बीमचं भारी येड. बिस्किटाला बीम म्हनते. पयल्या दिवशी आमाला कळंचना काय म्हनते ते. तिच्या बापानं सांगितलं म्हनून."

वडिलांनी वर बघितलं. मी बनियनवर, हातात बादली, जिन्याच्या पाचव्या पायरीवर. किती वेळ बघितलं ते सांगता येत नाही, पण बादलीतलं पाणी हलायचं थांबलं होतं एवढं आठवतं.

मग ते काकींना म्हणाले, "द्या हिकडं. मी देतो."

काकींनी बिस्कीट त्यांच्या हातात दिलं. ते उकिडवे बसले, नातीच्या तोंडासमोर तोंड येईल असे. बिस्कीट तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "घे बाय. बीम घे."

"तुमच्याकडं पन बीमच म्हनतात का?" काकींनी हसत विचारलं.

"हा," वडील म्हणाले. "आमच्याकडं बी बीमच म्हंतात."

ते चार दिवस राहायला आले होते. पिशवीत तांदळाखाली त्यांचं दुसरं धोतर होतं, ते बायकोला नंतर सापडलं. पण जेवून झाल्यावर म्हणाले, शेतावर काम आहे, निघतो. बायकोनं खूप आग्रह केला. मी केला नाही.

स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत ते तांदळाबद्दल बोलले. "नवा हाय. पानी बेतानं घाल म्हनावं, न्हाय तर गिचका व्हतो." मी बरं म्हटलं. स्टँडवर माझ्या कंपनीतली दोघं-तिघं उभी होती, त्यांनी मला हात केला. एसटी आली. आमच्याकडे निघताना एकमेकांना जय भीम म्हणतात. वडिलांनी आयुष्यात त्याशिवाय कुणाचा निरोप घेतला नव्हता, नेहमी तेच आधी म्हणायचे. मी वाट बघत राहिलो. ते चढले, खिडकीशी बसले, मला म्हणाले, "जा घरी. पोरगी वाट बघंल."

मलाही म्हणता आलं असतं. दोन शब्द आहेत. शेजारी कंपनीतली माणसं उभी होती. मी टाटा करतात तसा हात हलवला.

त्यानंतर वडील सहा वर्षं होते. खालापूरला परत आले नाहीत. पोशीरला गेलो की मी आधी जय भीम म्हणायचो, ते उत्तर द्यायचे, नीट द्यायचे. आधी मात्र कधी म्हणाले नाहीत. बाकी सगळ्यांना म्हणायचे, मुलीला म्हणायचे, माझ्या बायकोला म्हणायचे. हे फक्त मला दिसत होतं. कुणी बघितलं असतं तर त्यात काहीच वेगळं वाटलं नसतं.

पुढच्या वर्षी मुलीची जीभ सुटली. आधी क आला, मग ग, मग ज. ताती पुन्हा काकी झाली, दादी आणि गाडी वेगळ्या झाल्या. एका सकाळी ती गॅलरीतून स्वच्छ ओरडली, "काकी, जय भीम!" काकी आत होत्या, त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. मी मुलीला आत घेतलं, समोर बसवलं आणि शिकवलं. "आता तू मोठी झालीस. बीम नाही म्हणायचं. बिस्कीट म्हणायचं. बीम बोबडी मुलं म्हणतात." दोन दिवसांत शिकली. हुशार होती, हे सांगितलंच आहे.

महिन्याभरानं पोशीरला गेलो. ओटीवर वडील आणि गावातली चार माणसं बसली होती. त्यातल्या एकानं लांबूनच हात वर केला, "जय भीम, ताई!"

मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी बीम नाही म्हणत आता. बिस्कीट म्हणते. बीम लहान मुलं म्हणतात."

ओटी हसून लोटपोट झाली. बायकोनं लगेच काकींची गोष्ट रंगवून सांगितली, मग आणखी हशा. "आता ही शेरातली झाली!" कुणीतरी म्हणालं. वडीलही हसले. खोकला येईपर्यंत हसले. मग उठून भांड्यातलं पाणी प्यायले आणि गोठ्याकडे गेले.

नंतर बायकोनं तिला सगळं नव्यानं शिकवलं, काय म्हणायचं, कुणाला, का. तोवर ती सात वर्षांची झाली होती.

ती सहाची असताना आम्ही कर्जतला फ्लॅट घेतला होता. खालापूर सोडताना टेंपोत सामान भरलं, काकी रडल्या. मुलीच्या हातात बिस्किटांचा मोठा डबा दिला. "घे बाय. बीम घे. ताती म्हन गं एकदा, तशी म्हनायचीस तशी." मुलीला आठवेना. मी शेजारी उभा होतो. त्या दिवशी खोली जाण्याची भीती नव्हती, मुलीला कोण सांभाळेल ही काळजी नव्हती. सांगायला काहीच आडवं येत नव्हतं. मी म्हणालो, "येतो काकी." कर्जतच्या घरात फोटो पहिल्या दिवशी दारासमोर लावला. खिळा मीच मारला.

इतकी वर्षं गेली, हेही गेलं असतं. पण यंदा पोशीरच्या भीमजयंतीला मुलगी भाषणाला उभी राहिली. समाजमंदिर भरलेलं. तिनं चार रात्री बसून स्वतः लिहिलं होतं, मला दाखवलं नव्हतं. माईकसमोर आली आणि तिनं जय भीम म्हटलं. तसं पहिल्या रांगेतल्या तिच्या चुलत-मावस भावंडांनी बिस्किटांचे पुडे वर केले आणि सगळी एका सुरात ओरडली, "दे बीम!" सगळं मंदिर हसलं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी सांगितलं, मग तेही हसले. मुलगीही हसली, "गप्प बसा रे" म्हणाली, आणि भाषण केलं. चांगलं केलं. पण पहिलं पान तिनं वाचलंच नाही, घडी करून हातात धरून ठेवलं होतं.

परत येताना ती माझ्या मागं स्कूटरवर. नेरळ गेल्यावर म्हणाली, "पप्पा, एक विचारू? आबांनी मला हात वर करायला शिकवलं होतं ना?"

"हो."

"मग मी बिस्किटासाठी हात का पसरायचे? जय भीम म्हणून मागायचे म्हणजे काय? मला ते ऐकलं की कसंतरीच होतं. सगळे हसतात म्हणून मी हसते."

"लहान होतीस," मी म्हणालो.

"पहिल्या पानावर तेच लिहिलं होतं," ती म्हणाली. "आबांनी शिकवलेला पहिला शब्द."

मी आरसा नीट केला.

पहिलं पान तिच्या टेबलावरच्या पुस्तकात आहे. मी वाचलेलं नाही. तिला सांगितल्याशिवाय वाचणार नाही.

वडिलांचं जे द्यायचं होतं ते आता देता येत नाही. स्टँडवर दोन शब्द द्यायचे होते, ते राहिले. बायकोला मी "सांगतो" म्हणालो होतो, ते सांगायचं आहे. काकी अजून त्याच पिवळ्या घरात आहेत. कामाला जाताना रोज त्यांचं फाटक लागतं, कधी त्या अंगणात दिसतातही. तिथं थांबून त्यांना जय भीम म्हणायचं आहे आणि त्यांना बरोबर ऐकू आलं होतं हे सांगायचं आहे. आणि या सगळ्याआधी मुलीला सांगायचं आहे की ती कधीच काही मागत नव्हती. ती म्हणत होती ते बरोबर म्हणत होती, मी ते दुसरंच सांगितलं.

हे चार जणांचं देणं आहे. आजपर्यंत यातलं मी काहीही दिलेलं नाही.